मालदीव : एका बेट-राष्ट्राचा जमाखर्च

एखादी वस्तु अगदींच कुचकामाची असली म्हणजे तिला आपण ‘कवडीमोल’ म्हणतों, आणि कोणी कांहींच दिलें नाहीं तर ‘त्यानें फुटकी कवडीहि दिली नाहीं’ अशी तक्रार करितों. परंतु ही कवडी एके काळीं खरेंखुरें नाणें होती. हिंदुस्थानांत, विशेषेंकरून बंगालच्या बाजारांत, ती ज्या टांकसाळींतून येत असे ती टांकसाळ कोणा राजाची नसून समुद्राची होती. केरळच्या नैर्ऋत्येस हिंदी महासागरांत मालदीव नांवाची जी बेटांची माळ पसरली आहे, तिच्या उथळ पाण्यांत कवड्या विपुल सांपडत. बेटवाले नारळाच्या झांवळ्या पाण्यांत टाकून ठेवीत व त्यांना चिकटलेल्या कवड्या झाडून घेत. त्या गलबतांतून बंगाल्यांत जात आणि बदल्यांत तांदूळ येई. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा प्रसिद्ध प्रवासी त्या बेटांत कांहीं काळ काजी होता. या देवघेवीची हकीकत त्यानें लिहून ठेविली आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत मुंबईचे बोहरी व्यापारी तेथें दुकानें मांडून बसले.

श्रोतेहो, या कवडीच्या देशाचा आजचा जमाखर्च आपल्यापुढें मांडावा, असा माझ्या भाषणाचा हेतु आहे. ‘जमाखर्च’ हा शब्द मुद्दामच योजिला आहे. ‘मालदीव बुडणार’ हें वाक्य आपण वर्तमानपत्रांत इतक्यांदां वाचलें आहे कीं त्याचा अर्थ काय, हें विचारावयाचेंच आपण विसरलों आहों. १७ ऑक्टोबर २००९ रोजीं तेथील राष्ट्राध्यक्ष महंमद नशीद यांनीं आपल्या मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखालीं, समुद्राच्या तळाशीं भरविली. पाणबुड्यांचा वेष केलेले मंत्री तेथें एका मागणीपत्रावर सह्या करीत आहेत, हें चित्र जगभर छापलें गेलें. चित्र डोळ्यांत भरणारें होतें यांत शंका नाहीं. पण त्यामुळें एक गैरसमजहि दृढ झाला. तो असा कीं, समुद्र दरवर्षीं थोडा थोडा चढेल, आणि एके दिवशीं बेट बादलींतल्या वाटीसारखें पाण्याखालीं जाईल. वस्तुस्थिति निराळी आहे. बेट बुडण्यापूर्वीं पुष्कळ आधीं तें राहण्याच्या लायकीचें उरत नाहीं. बेट आधीं तहानेलें होतें, मग बुडतें. ही गोष्ट नीट समजावयाची तर बेट म्हणजे काय, हेंच प्रथम पाहिलें पाहिजे.

मालदीवमध्यें सुमारें १,२०० बेटें आहेत. उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरांहून लांब अशा पट्ट्यांत तीं विखुरलेलीं आहेत. पण सगळ्यांची मिळून कोरडी जमीन भरते जेमतेम ३०० चौरस किलोमीटर. आपली बृहन्मुंबई तिच्याहून मोठी आहे. वस्तीचीं बेटें दोनशेंच्या आंतच. लोकसंख्या परदेशी कामकरी धरून पांच लाखांच्या वर. तींत पांचांपैकीं दोन माणसें एकट्या माले या राजधानीच्या परिसरांत दाटीवाटीनें राहतात. देशांत डोंगर नाहीं, टेकडी नाहीं, नदी नाहीं, ओढाहि नाहीं. जमिनीची उंची सरासरीनें समुद्रसपाटीपासून दीड मीटर, आणि पांचांपैकीं चार हिस्से जमीन एक मीटरहूनहि खालीं, म्हणजे उभ्या माणसाच्या कंबरेइतकी. तेथील भाषेला दिवेही म्हणतात, आणि हें नांव आपल्या ‘द्वीप’ शब्दाच्याच कुळांतलें आहे. ती सिंहलीची बहीण, म्हणून मराठीचीहि दूरची नातलग. आपल्या लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावर ‘महल’ या नांवानें हीच भाषा बोलली जाते. लक्षद्वीप आणि मालदीव हे एकाच बुडालेल्या पर्वतरांगेचे मुकुट आहेत.

‘बुडालेल्या’ हा शब्द येथें शब्दशः घ्यावयाचा आहे. १८४२ सालीं चार्ल्स डार्विन यानें अशा बेटांची उपपत्ति एका ग्रंथांत मांडली. समुद्रांतून वर आलेल्या ज्वालामुखीच्या कडेकडेनें पोवळ्यांचे किडे आपलीं चुन्याचीं घरें बांधीत जातात. पर्वत हळूहळू खालीं खचतो, पण पोवळीं वर वर वाढत राहतात. लाखों वर्षांनीं पर्वत दिसेनासा होतो आणि पोवळ्यांचें कडें तेवढें शिल्लक उरतें. या कड्याला दिवेही भाषेंत जो शब्द आहे त्यावरूनच इंग्रजींतला ‘अटॉल’ हा शब्द आला. मराठींत आपण त्याला कंकणद्वीप म्हणूं. कंकणाच्या आंत शांत निळें पाणी, बाहेर खोल महासागर, आणि कड्यावर जागोजाग सांचलेली पांढरी वाळू. ही वाळू म्हणजेच बेट.

वाळू आली कोठून? ती खडक झिजून झालेली नव्हे, कारण खडकच नाहीं. ती मेलेल्या पोवळ्यांचा, शिंपल्यांचा व इतर समुद्रजीवांच्या कवचांचा चुरा आहे. या कामीं एका माशाचा मोठा हात आहे. पोपटाच्या चोंचीसारखे दांत असलेला हा पोपटमासा पोवळ्यांवरील शेवाळ खातांना चुनखडीहि कुरतडतो, पोटांत तिचें पीठ करितो आणि वाळू करून बाहेर टाकितो. मालदीवमधील वक्करु बेटाभोवतीं शास्त्रज्ञांनीं याचा हिशेब केला. २०१५ सालीं तो प्रसिद्ध झाला, तेव्हां नव्या वाळूचा फार मोठा हिस्सा या माशाच्याच पोटांतून येतो असें आढळून आलें.

म्हणून मी म्हणतों कीं येथें जमीन ही मिळकत नव्हे, तें रोजचें उत्पन्न आहे. पोवळें व मासे वाळू जमा करितात. लाटा ती खर्च करितात. एका मोसमांत वारा नैर्ऋत्येकडून वाहतो, दुसऱ्यांत ईशान्येकडून; त्याबरोबर किनाऱ्याची वाळू बेटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते व परत येते. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला म्हणजे बेट टिकतें. पॅसिफिक महासागरांतील अशा २७ बेटांचीं जुनीं व नवीं विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें ताडून पाहतां, समुद्र चढत असूनहि बहुतेक बेटें आकारानें टिकून राहिलीं अथवा वाढलीं, असें २०१० सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. त्यावरून ‘मग भीति कसली?’ असा निष्कर्ष कांहीं लोकांनीं घाईनें काढला. पण या शोधाचा खरा अर्थ असा कीं, बेट जिवंत आहे तोंवर तें समुद्राबरोबर वागूं शकतें. पोवळें मेलें म्हणजे जमेची बाजू बंद पडते, आणि मग केवळ खर्च उरतो.

आणि पोवळें मरत आहे. हा जीव फार नाजूक असतो. त्याच्या अंगांत सूक्ष्म वनस्पति राहतात. त्याच त्याला रंग देतात व अन्न पुरवितात. समुद्राचें पाणी नेहमींच्या कमाल उष्णतेपेक्षां केवळ एक-दोन अंशांनीं अधिक तापलें आणि तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तर पोवळें या वनस्पतींना बाहेर टाकितें, पांढरें फटफटीत पडतें, आणि उष्मा टिकला तर उपाशीं मरतें. १९९८ सालीं असें झालें, तेव्हां मालदीवच्या उथळ पाण्यांतील पोवळीं कित्येक ठिकाणीं दहांत नऊ या प्रमाणांत मेलीं. पुढें तीं हळूहळू सावरलीं. २०१६ सालीं पुन्हां तेंच झालें. पाहणी केलेल्या पोवळ्यांपैकीं निम्म्याहून अधिक पांढरीं पडलीं. जंगल जळाल्यावर पुन्हां वाढावयास जसा अवधि लागतो, तसा पोवळ्यांनाहि दहा-पंधरा वर्षांचा निवांतपणा लागतो. समुद्र तापण्याच्या पाळ्या त्याहून जवळ जवळ येऊं लागल्या, तर सावरण्यास वेळच मिळत नाहीं.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. सगळाच खर्च परक्यांनीं घातलेला नाहीं. मालदीवमध्यें घरें बांधावयास दुसरा दगड नाहीं, म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक पोवळ्यांचेच दगड फोडून भिंती उभारीत आले. लोकवस्ती थोडी होती तोंवर तें खपलें. पुढें १९७२ पासून परदेशी प्रवाशांचा ओघ सुरू झाला, बांधकामें वाढलीं, आणि राजधानीच्या आसपासचीं उथळ प्रवाळक्षेत्रें ओरबाडलीं गेलीं. सरकारनें नंतर निर्बंध घातले. पण जें भिंतींत गेलें तें समुद्रांत परत गेलें नाहीं.

आतां दुसरें खातें उघडूं. हें खातें पाण्याचें, आणि माझ्या मतें अधिक निकडीचें.

ज्या देशांत नदी नाहीं, तलाव नाहीं, तेथें माणूस हजारों वर्षें राहिला कसा? विहिरीच्या पाण्यावर. बेटाच्या मध्यभागीं वाळूंत एक-दीड मीटर खणलें कीं गोडें पाणी लागतें. चारी बाजूंनीं खारा समुद्र आणि मध्यें गोडी विहीर, हा चमत्कार वाटतो. पण कारण साधें आहे. पावसाचें पाणी वाळूंतून झिरपून खालीं जातें. खालीं समुद्राचें पाणी वाळूच्या फटींतून आंत शिरलेलें असतेंच. एक लिटर गोडें पाणी १,००० ग्रॅम भरतें, तर समुद्राचें सुमारें १,०२५. हलकें गोडें पाणी जड खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखें तरंगत राहतें. मध्यें जाड व कडांना पातळ असा त्याचा आकार होतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याला गोड्या पाण्याचें भिंग म्हणतात.

या भिंगाचा एक नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्यानें व पुढें हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानें स्वतंत्रपणें मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोडें पाणी एक बोट उंच असलें, तर सपाटीखालीं तें चाळीस बोटें खोल असतें. ऐकावयास हें मोठें भाग्य वाटतें. परंतु याच नियमाची दुसरी बाजू भयंकर आहे. विहिरीवर यंत्र बसवून पाण्याची पातळी एक बोट खालीं आणली, तर खालचें खारें पाणी चाळीस बोटें वर चढूं पाहतें. लहान बेटांवर तर हें भिंग प्रत्यक्षांत थोड्याच मीटरांचें असतें. पोहऱ्यानें पाणी शेंदणारी वस्ती त्याला पुरत होती. विजेचे पंप आल्यावर तें पुरेनासें झालें. मालेमध्यें तेंच घडलें. लोक वाढले, उपसा वाढला, विहिरी खाऱ्या झाल्या, आणि जें पाणी उरलें तें मैल्यानें दूषित झालें. १९७८ सालीं त्या देशांत पटकीची मोठी सांथ आली. पुढें समुद्राचें पाणी यंत्रानें गोडें करणें हाच राजधानीचा एकमेव आधार ठरला.

असा आधार किती कच्चा असतो, हें ४ डिसेंबर २०१४ रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं मालेच्या पाणी गोडें करणाऱ्या कारखान्यास आग लागली, आणि लाखभर वस्तीच्या शहराच्या नळांना पाणी येईना. चहूंकडे हिंदी महासागर, आणि दुकानापुढें पाण्याच्या बाटलीसाठीं रांगा! भारतानें हवाई दलाच्या विमानांतून व नौदलाच्या जहाजांतून पाणी धाडलें; त्या कामगिरीला ‘नीर’ असें नांव होतें. शेजाऱ्यानें शेजाऱ्याला घागरभर पाणी द्यावें, इतकी ती साधी गोष्ट. पण एका राष्ट्राची राजधानी एका कारखान्यावर तहानेच्या इतक्या जवळ येऊन ठेपते, ही त्यांतली शिकवण साधी नाहीं.

बाहेरच्या बेटांवर पिण्याचें पाणी मुख्यतः पावसाचेंच. घराघरांवर पन्हळ, खालीं टांकी. पावसाचें वेळापत्रक तेथें कसें सांभाळीत, हें ऐकून मराठी श्रोत्यांना कौतुक वाटेल. आपला शेतकरी जसा रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसु अशा नक्षत्रांवर पाऊस मोजतो, तसेच मालदीवचे कोळी वर्षाचे सत्तावीस भाग करितात. या भागाला ते ‘नकई’ म्हणतात. हें आपलेंच ‘नक्षत्र’. रोहिणीला ते रोआनु म्हणतात, मृगाला मियाहेलिया, आर्द्रेला अधा, पुनर्वसूला फुनोस, पुष्याला फुस. कोणत्या नकईंत समुद्र खवळेल, कोणत्यांत मासा मिळेल, कोणत्यांत बीं पेरावें, हें सारें त्यांत ठरलेलें. बाराव्या शतकापासून हा देश इस्लामी आहे, तरी पावसाचीं नक्षत्रें त्यांनीं टाकिलीं नाहींत. कारण पाऊस हाच त्यांचा दाता. आतां मात्र ही जुनी पंजिका पूर्वींसारखी जुळत नाहीं, असें तेथील वृद्ध कोळी सांगतात. ईशान्येकडील वाऱ्याच्या कोरड्या महिन्यांत, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, टांक्या तळाला जातात, आणि सरकारला कित्येक बेटांवर बोटींनीं पाणी पोंचवावें लागतें.

या नाजूक भिंगावर समुद्र दोन बाजूंनीं चालून येतो. पातळी चढली कीं तो कडांनीं आंत सरकतो. हा हल्ला सावकाश असतो. दुसरा हल्ला वरून होतो. मोठ्या भरतीला उंच लाटा बेटावरून वाहून जातात, खड्ड्यांत व विहिरींत खारें पाणी सांचतें, आणि तेंच झिरपून गोड्या पाण्यांत उतरतें. पुरेसा पाऊस पडून तें धुवून निघावयास महिनेच्या महिने, कधीं वर्षें लागतात. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळच्या भूकंपानें उठलेली लाट मालदीववरून गेली. ऐशींहून अधिक माणसें दगावलीं, आणि कित्येक बेटांचें भूगर्भांतील पाणी, केळीचे मळे, भाजीपाला मिठानें नासला. ती लाट हवामानाची नव्हती. पण वरून आलेलें खारें पाणी बेटाचें काय करितें, याचा धडा तिनें दिला. पोवळ्यांची भिंत लाटेचा जोर बाहेरच मोडते. ती झिजली आणि समुद्र थोडासा जरी चढला, तर आज जी लाट दहा-वीस वर्षांतून एकदां बेटावर येते, ती दर एक-दोन वर्षांनीं येऊं लागेल. मार्शल बेटांपैकीं एकाचा बारकाईनें अभ्यास करून शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, याच कारणानें बहुतेक कंकणद्वीपें चालू शतकाच्या मध्याच्या सुमारासच पाण्यावांचून राहण्यास अयोग्य होऊं शकतील. ‘बेट आधीं तहानेलें होतें’ असें मी आरंभीं म्हटलें, तें या आधारानें.

तिसरें खातें पैशाचें. जमेस दोनच मोठ्या रकमा आहेत: प्रवासी आणि मासा. दोन्ही पोवळ्यांवर अवलंबून. प्रवासी येतो तो निळें पाणी व रंगीत पोवळीं पाहावयास. आणि कुप्पा मासा गळानें धरावयास जें बारीक आमिष लागतें तें प्रवाळक्षेत्रांतच सांपडतें. खर्चाच्या बाजूस मात्र यादी संपत नाहीं. तांदूळ, गहूं, सिमेंट, तेल सारें बाहेरचें. पाणी गोडें करावयास वीज, विजेला डिझेल, डिझेलला परकी चलन. त्यावर आतां समुद्राशीं लढण्याचा खर्च आला.

१९८७ च्या एप्रिलमध्यें दूरच्या समुद्रांत उठलेल्या लाटा भर मालेंत शिरल्या. त्यानंतर जपानच्या मदतीनें शहराभोवतीं काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांचा बांध घालण्यांत आला. शेजारीं, उथळ पाण्यांतली वाळू उपसून १९९७ पासून हुलहुमाले नांवाचें नवें बेट रचलें गेलें. त्याची उंची सुमारें दोन मीटर आहे. २०१८ सालीं पुलानें तें राजधानीला जोडलें गेलें. घरांच्या टंचाईनें गांजलेल्या हजारों कुटुंबांना तेथें आसरा मिळाला, हें नाकारतां येणार नाहीं. पण येथेंच खरा पेंच आहे. भिंत घातली कीं बेटाची हालचाल थांबते. लाट वाळू आणून टाकीत नाहीं, फक्त आपटते. वाळू उपसली कीं गाळ उठून पोवळें गुदमरतें. म्हणजे एका बेटाला वांचविण्याच्या खटपटींत त्याचें बेटपणच जातें, आणि तें कायम डागडुजी मागणारें एक बांधकाम होऊन बसतें. दोनशें बेटांना अशा भिंती घालणें कोणत्याहि लहान राष्ट्राच्या आवांक्याबाहेरचें आहे. मग थोडीं बेटें मजबूत करून लोकांना तेथें आणावें, असा विचार पुढें येतो. २००४ नंतर ‘सुरक्षित बेटें’ या नांवानें तशी योजनाहि निघाली.

कागदावर हें शहाणपणाचें दिसतें. पण ज्यांना उठावयाचें असतें त्यांचें काय? कंढोलुधू नांवाच्या दाट वस्तीच्या बेटाची २००४ च्या लाटेनें धूळधाण झाली. तेथील हजारों लोकांनीं सुमारें चार वर्षें इतर बेटांवर तात्पुरत्या निवाऱ्यांत काढलीं, आणि मग धुवाफारू या पूर्वीं निर्मनुष्य असलेल्या बेटावर नव्यानें बांधलेल्या गांवांत त्यांनीं संसार थाटले. त्यांना पक्कीं घरें मिळालीं, शाळा मिळाली. पण मशिदीजवळचें कबरस्तान, होडी ओढावयाची ओळखीची जागा, आजोबांनीं लाविलेला नारळ, हें कोणतीहि योजना बांधून देऊं शकत नाहीं. धरणाच्या पाण्यापायीं गांव सोडलेलीं माणसें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. नवी घरें आणि जुनें गांव यांतलें अंतर त्यांना समजावून सांगावें लागणार नाहीं.

आतां शेवटचें खातें, तें जगाचें. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें कार्बन डाय-ऑक्साइड हा वायु वातावरणांत सांचतो आणि पृथ्वीची उष्णता कोंडून धरितो. उष्णतेनें समुद्राचें पाणी फुगतें, हिमनद्या वितळतात, आणि समुद्र चढतो. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर चढली. आणि हा वेग वाढता आहे. या साऱ्या धुरांत मालदीवचा वांटा शेंकडा एक शतांशहि भरत नाहीं. एकानें कर्ज काढावें आणि फेडावयाची पाळी दुसऱ्यावर यावी, तसा हा प्रकार आहे.

हें कर्ज कोणाचें, असा प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर लहान राष्ट्रांनींच प्रथम मांडला. १९८७ च्या लाटांनंतर त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें राष्ट्राध्यक्ष गयूम यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढें आपल्या देशाचें गाऱ्हाणें मांडलें. १९८९ सालीं लहान राष्ट्रांची परिषद मालेंतच भरली, आणि १९९० सालीं अशा बेट-राष्ट्रांनीं आपला संघ उभारला. २०१५ च्या पॅरिस-करारांत तापमानाची वाढ दीड अंशापर्यंत रोखण्याचा प्रयत्न व्हावा असे शब्द आले, ते मुख्यत्वें त्यांच्याच आग्रहानें. झालेल्या हानीसाठीं निधि असावा, हें २०२२ सालीं तत्त्वतः मान्य झालें. वानुआतू या लहानशा बेट-राष्ट्राच्या पुढाकारानें हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला. २३ जुलै २०२५ रोजीं त्यानें सल्ला म्हणून मत दिलें कीं, हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे. एखाद्या राष्ट्राची भूमि समुद्रांत गेली तरी तेवढ्यानें त्याचें राष्ट्रत्व जातेंच असें नाहीं, असेंहि न्यायालय म्हणालें. ज्या लोकांना हें विचारावें लागलें, त्यांच्या मनाची कल्पना आपण करावी.

आपण भारतीय या हिशेबांत दोन्ही बाजूंस आहों. आपला देश मोठा आहे, आणि आपल्या धुराचें एकूण प्रमाणहि मोठें आहे. जरी दरडोई तें जगाच्या सरासरीहून कमी असलें तरी. त्याच वेळीं लक्षद्वीपांतील आपले देशबांधव तशाच वाळूवर, तशाच गोड्या पाण्याच्या भिंगावर राहतात. मालदीवचें दुःख परक्याचें म्हणून ऐकावयाची मोकळीक आपणांस नाहीं.

तेव्हां ‘मालदीव बुडणार का?’ या प्रश्नाचें उत्तर होय किंवा नाहीं असें एका शब्दांत देतां येत नाहीं. तें आंकड्यांत देतां येतें. धुरावर लौकर व कडक आळा घातला, तर या शतकाच्या अखेरीस समुद्र १९९५ ते २०१४ या काळाच्या सरासरीहून सुमारें २८ ते ५५ सेंटिमीटर चढेल असा अंदाज आहे. धूर वाढतच राहिला तर ६३ सेंटिमीटरांपासून एक मीटरपर्यंत. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पाहतां हा अर्ध्या मीटरचा फरक नगण्य वाटेल. पण ज्या देशाची बहुतेक जमीन एका मीटरहून खालीं आहे, त्याच्या लेखीं तोच फरक सर्वस्व आहे. पहिल्या आंकड्यांत पोवळें कदाचित् तग धरील, विहीर कांहीं काळ गोडी राहील, आणि बेटवाल्यांना आपला निर्णय आपण घेण्यास अवधि मिळेल. दुसऱ्या आंकड्यांत तो निर्णय समुद्रच घेईल. यांपैकीं कोणता आंकडा खरा ठरावयाचा, तें मालदीवच्या हातीं नाहीं. तें मोठ्या देशांच्या हातीं आहे, आणि त्या देशांतील घराघरांच्याहि.